धुरावर फिरणारं चाक

आमच्या मालकांना लोक तोंडावर चनमल्लप्पा मिस्त्री म्हणायचे, आणि पाठीमागं काय म्हणायचे ते मी सांगत न्हाय. सोलापुरात जुन्या तुळजापूर नाक्याजवळ आमचं पत्र्याचं ग्यारेज हुतं आणि त्याच्या मागच्या खोलीत आमचा संसार. माणूस देवमाणूस. दारू न्हाय, बिडी न्हाय, पत्ते न्हाईत. पण एक खोड अशी हुती की बाकीची व्यसनं परवडली. एकादी वस्तू दिसली की ती कशी चालती, का चालती, आणि उचलून दुसरीकडं बसवली तर काय हुईल, हे कळल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा न्हाय. मी नवी नवरी हुते तवाची गोष्ट. माज्या बाबांनी दिलेलं गजराचं घड्याळ ह्यांनी परातीत सुटं करून ठेवलं. परत जोडलं बी, पण दोन चाकं उरली. घड्याळ चालायचं, आजबी चालतंय. त्या दोन चाकांचं आत काय काम हुतं ते काही ह्यांना उमगलं न्हाय, आणि त्याची रुखरुख माज्यापेक्षा त्यांनाच जास्त.

आमच्या दोनी घरची बोली कानडी, बाजारात मराठी. ह्यांच्या तोंडात मात्र दोनी भाषांत मिळून एकच शब्द, 'नोडोण'. म्हणजे बगू या. पोराला ताप आला, नोडोण. छप्पर गळतंय, नोडोण. मी चिडून म्हणायची, "बगता बगता एक दिवस घर अंगावर पडंल." त्यावर बी नोडोणच.

तर बहात्तरच्या दुष्काळात आमच्या भागात बोअर मारायची मोठाली यंत्रं आलती. त्यातलं एक बिगडलं ते वळसंगच्या अलीकडं रस्त्याकडंला तसंच गंजत पडलं. पुडं काही वर्सांनी भंगारवाल्यानं ते तोडलं, आणि त्याच्या इंजिनाचा एक तुकडा आमच्या मालकांनी पोत्यात घालून घरी आणला. दोन गोगलगाई पाठीला पाठ लावून बसल्यात, तसा तो दिसत हुता. मी म्हणलं, "आणलंय तर आणलंय, आता भाजी कशाची करू, ह्याची का?"

ह्यांना ऐकूच आलं न्हाय. जमिनीवर बसून एका गोगलगाईच्या तोंडात फुंकर मारत हुते, आणि आतलं चाक भिरभिर फिरत हुतं.

"गौरव्वा, हितं ये. इंजिनाचा धूर नळीतनं फुकट जातो का न्हाय? ह्याच्यात तो धूर ह्या बाजूनं घुसतो आणि हे चाक फिरवतो. त्याच दांड्यावर पल्याड दुसरं चाक हाय. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, तेल जास्त, जाळ जास्त. इंजिन तेवढंच, पण ताकद दीडपट. टर्बो म्हणत्यात ह्याला."

"म्हणजे चुलीनं आपल्याच धुरावर आपली फुंकणी फुंकायची?"

ते हसले. म्हणले, "मला बी एवढं नीट सांगता आलं नसतं."

"आणि फिरतं तरी किती?"

"तू रोज पहाटे दळतीस. दोन महिने दळलीस तर जात्याचे जेवढे फेरे हुतील, तेवढे हे एका मिनिटात घेतं."

मी म्हणलं, थापा मारू नका. पण खरं सांगते, त्या दिवशी भाकऱ्या थापताना माजं ध्यान त्या चाकाकडंच हुतं. असं जर असंल, तर सगळ्या मोटारींना हे का लावत न्हाईत? जेवताना इचारलं तर म्हणले, "तेच तर बगायचंय. हे मोठ्या डिझेल इंजिनाचं हाय. आपल्या लहान पेट्रोल इंजिनाला सोसतंय का न्हाय, हे मला म्हाईत न्हाय. मी इचारलं त्या कुणालाच म्हाईत न्हाय."

आता ह्यासाठी एक लहान पेट्रोल इंजिन पायजे. आमच्याकडं तर सायकल. गोष्ट कुटं जाणार ते मी तवाच वळखलं, कारण लहान पेट्रोल इंजिन असलेला आमच्या नात्यात एकच माणूस हुता, माजा धाकटा भाऊ रेवणसिद्ध, माज्या माहेरचा, वळसंगचा आमचा रेवण्णा.

रेवण्णाची काळी-पिवळी टॅक्सी सोलापूर ते तुळजापूर चालायची. चार शिलिंडर, अकराशे सीसी, कंपनीतनं निघताना चाळीस घोड्यांची. आता त्यातले निम्मे घोडे म्हातारे झालते. त्यात हा नऊ-नऊ माणसं कोंबायचा, वर कॅरेजवर गठुडी. तुळजापूरचा घाट लागला की गाडी जागेवर कण्हायची. मग खालच्या वळणाला रेवण्णा दार उगडून सांगायचा, "उतरा समदी. देवीला चालत गेलेलं लई चांगलं असतंय." लोक शिव्या घालत चढायचे आणि वर जाऊन परत बसायचे.

आणि त्या लायनीच्या डायवरांची एक रीत हुती, ती सांगितली पायजे. चढ संपला की किल्ली बंद. पेट्रोल महागल्यापासनं उतारावर इंजिन चालू ठेवणारा म्हणजे त्यांच्यात उधळ्या, घरबुडव्या. किल्ली बंद करून गाडी नुसती घरंगळत न्यायची, थेट स्टँडात. कोण कुटपर्यंत घरंगळतो ह्याच्या पैजा लागायच्या, आणि आमचा रेवण्णा त्यात पयला. ती गोष्ट तो छाती काढून सांगायचा.

ह्यांनी टॅक्सी मागितली तवा रेवण्णानं साफ न्हाय म्हणलं. "दाजी, ही गाडी हाय म्हणून वळसंगात चूल पेटती. तिच्यावर प्रयोग नगं." ह्यांनी काही हट्ट केला न्हाय. नुसते चार-आठ दिवस त्या गोगलगाईला फडक्यानं पुसत राहिले. माज्याच्यानं बगवेना. मीच रेवण्णाला गाठलं आणि म्हणलं, घाटात माणसं उतरवावी लागणार न्हाईत, एकदा दे.

तो बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उबा राहिला. मग म्हणला, "अक्का, तू म्हणतीस म्हणून देतो. पण गाडीला काय झालं, तर पंचमीला माजी वाट बगू नगं."

पंचमी म्हणजे नागपंचमी, ती आमच्यात दिवाळीपेक्षा मोठी. भाऊ येतो, लेकीला माहेरी नेतो. झाडाला झोका बांदत्यात, शेंगांचे लाडू, भाजक्या पिठाचे तंबिटाचे लाडू. ज्या बाईला न्यायला कुणी येत न्हाय, तिला गल्लीतल्या बाया दिवसभर काही इचारत न्हाईत, आणि तेच तिला जास्त लागतं. बाबा गेल्यावर माजं माहेर म्हणजे आई, आमची अव्वा, आणि हा एक भाऊ. मी ते पणाला लावलं आणि वर हसून म्हणलं, "बरं."

मग सुरू झाला तमाशा. पयल्यांदा ते चाक फिरेचना. डिझेल इंजिनाच्या धुराची सवय त्याला, ह्या अकराशेच्या धुरानं ते हलतंय हुय? ह्यांनी धुराच्या बाजूचं तोंड आतनं पत्रा वेल्ड करून बारीक केलं, म्हणजे धूर कमी पण नेमका जोरात लागंल. मग चाक जागं झालं, पण उशिरा. ॲक्सिलेटर दाबला की गाडी आदी इचार करायची, आणि आपण आशा सोडली की एकदम हिसका द्यायची. ह्यांना त्याचं बी कौतुक. म्हणले, "धूर वाढल्याशिवाय चाक फिरत न्हाय, आणि चाक फिरल्याशिवाय धूर वाढत न्हाय. कुणीतरी आदी सुरवात केली पायजे की."

मग ठोका आला. इंजिनात कुणी खडे हलवतंय असा आवाज. हवा जास्त दाबली की पेट्रोल ठिणगी पडायच्या आदीच पेटतंय, आणि असंच चालू ठेवलं तर पिस्टनला भोक पडतं, असं ह्यांनी मला सांगितलं. रेवण्णाला न्हाय सांगितलं. हेडखाली तांब्याच्या जाड पत्र्याचं गॅस्केट घातलं, म्हणजे आतला दाब जरा उतरला. ठिणगीचं टायमिंग मागं घेतलं. तरी बारीक ठोका राहिलाच. मग एक दिवस ह्यांनी टाकीत बोट बुडवून वास घेतला आणि रेवण्णाकडं बगितलं. तो पेट्रोलमधी रॉकेल घालत हुता. सगळेच घालायचे.

"हे चालणार न्हाय, रेवण्णा."

"समदे घालत्यात, दाजी."

"त्यांच्या इंजिनात चाक न्हाय."

रेडिएटरचं पाणी उकळायचं, ते आणि येगळं. नळ्या फुगून निसटायच्या, त्यांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या. सगळ्यात नाजूक काम तेलाचं. ते चाक ज्या दांड्यावर फिरतं, तो दांडा कशालाच टेकत न्हाय, तेलाच्या पातळ थरावर नुसता तरंगत असतो. इंजिनातनं एक बारीक नळी त्या दांड्याला तेल पुरवती. हे ऐकून मी नळीला हळद-कुंकू लावलं. हसा तुमी, पण माजी पंचमी त्या नळीतनं वाहत हुती.

फाल्गुनात पयली फेरी झाली. गाडीत पाशिंजर भरलेले, हे पुडं रेवण्णाच्या शेजारी, मी मागं. घाटाचं खालचं वळण आलं. बांगडीवाली चन्नम्मा कायमची पाशिंजर, तिनं सवयीनं टोपली उचलली आणि दाराला हात घातला. रेवण्णानं गेर टाकला. गाडीनं तिचा तो इचार केला. मग पुडनं बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, आणि गाडी जी निघाली ती चालणाऱ्या माणसांना, दुसऱ्या टॅक्सींच्या रिकाम्या खोक्यांना, एका बैलगाडीला मागं टाकत थेट वर. चन्नम्मा टोपली मांडीवर घेऊन "अगं बाई, अगं बाई" करत हुती. रेवण्णाचं तोंड मला आरशात दिसत हुतं. लहानपणी झोका लई वर गेला की त्याचं असंच व्हायचं.

वर पोचल्यावर त्याचा हात किल्लीकडं गेला. ह्यांनी तो वरच्यावर धरला.

"हे ध्यानात ठेव. चढ चढून आलास की किल्लीला हात लावायचा न्हाय. इंजिन नुसतं मंद चालू ठेव, एक पान लावून खाईपर्यंत. चाक तापून लाल झालेलं असतं आणि गरागरा फिरत असतं. तू किल्ली बंद केलीस की तेल थांबतं, चाक थांबत न्हाय. औतावरनं सुटलेला बैल धापा टाकत असताना तू त्याला पाणी दाखवतोस का?"

"न्हाय."

"मग हे तसंच."

रेवण्णानं मान हलवली. त्यानंतर लायनीत त्याच्या गाडीचं नाव झालं. घाटात न उतरवणारी टॅक्सी म्हणून लोक थांबून ह्याच गाडीत बसायचे. आमचे मालक प्रत्येक फेरीनंतर बॉनेट उगडून कान लावायचे आणि मला येऊन सांगायचे, "सोसतंय, गौरव्वा. सोसतंय असं दिसतंय." मी इतकी वर्सं त्यांच्या संगं काढली, पण इतका आनंदी माणूस मी त्याआदी बगितला नव्हता.

चैती पुनवेला तुळजापूरला ही गर्दी. अव्वा गावावरनं आलती, आमी दोगी रेवण्णाच्या गाडीतनं दर्शनाला निघालो. मालक ग्यारेजातच राहिले, कारण त्यांची जागा रेवण्णानं पाशिंजरला दिली. ज्यानं चाक बसवलं त्यालाच गाडीत जागा न्हाय, असा आमचा भाऊ. असो. घाट चढलो. बाकीच्या टॅक्सींची माणसं धुळीत चालत हुती, आणि रेवण्णा हारन वाजवत त्यांच्या मधनं गेला. वर आलो, उतार लागला, आणि सगळं एकदम शांत झालं. इंजिन बंद. गाडी घरंगळत चाललेली.

मी म्हणलं, "रेवण्णा, दाजींनी काय सांगितलंय?"

"अक्का, आज पुनव हाय. पान खात बसलो तर पाशिंजर दुसरा नेतोय."

"अरे पण..."

"गाडी कोण चालवतंय?"

अव्वानं मला कोपर मारलं. "गप बस. लेकरू कमवतंय." ह्या लेकराला दोन पोरं झालती.

तो लगेच परत खाली गेला. दुपारपर्यंत घाटाच्या पायथ्यापासनं वर, वरनं खाली. आमी दर्शन करून स्टँडजवळ लिंबाच्या सावलीत बसलो हुतो. दुपारी गाडी वर आली ती शिट्टी वाजवत न्हाय, किंचाळत. मागं निळा धूर, इतका की आतली माणसं पदर नाकाला लावून उतरली. रेवण्णानं बॉनेट उगडलं. त्या बारीक नळीतनं आणि चाकातनं तेल ठिबकत हुतं. माजं कुंकू त्यात वाहून गेलतं. एका ओळखीच्या ट्रकला दोर बांधून आमी सोलापूरला आलो. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मालकांनी चाक खोललं. रेवण्णा दारात उबा, अव्वा पोत्यावर बसलेली, मी चहाचं आधण टाकून तितंच. ह्यांनी दांडा बाहेर काढला. त्याच्यावर काळी खपली धरलेली, फोडणी करपून कढईला लागती तशी. नखानं खरवडली, वास घेतला.

"इंजिन शाबूत हाय," ते म्हणले. "वेळेवर थांबवलंस. पण दांड्यावरचं तेल करपलंय. वाहतं तेल असं करपत न्हाय. थांबलेलंच करपतं." मग मान वर करून सादंच इचारलं, "रेवण्णा, वर आल्यावर इंजिन चालू ठेवत हुतास न्हवं?"

"तुमी सांगितलं तसंच केलं," रेवण्णा म्हणला. "एकबी डाव चुकलो न्हाय. तुमच्या चाकातच खोट हाय, दाजी."

अव्वा म्हणली, "माजा लेक कशाला खोटं बोलंल."

 मालकांनी दांडा फडक्यावर ठेवला. म्हणले, "मग माजंच चुकलं. लहान पेट्रोल इंजिनाला हे सोसत न्हाय, असंच म्हणायचं." आणि त्यांनी फडकं दुमडलं.

ते फडकं दुमडणं मला बगवलं न्हाय. बाई गं, ह्या माणसानं वर्सभर एकच गोष्ट इचारली हुती, सोसतंय का न्हाय. आणि आता माज्या भावाचं खोटं उत्तर घेऊन त्यानं पुडचा जलम काढायचा? गप बसले असते तर पंचमी माजी हुती. रेवण्णानं एकडाव माज्याकडं बगितलं, ते कशासाठी ते मला कळलं. मला लई भ्या वाटलं, आणि रागबी लई आला, आणि त्यात राग मोठा ठरला.

"खोट चाकात न्हाय," मी म्हणलं. "चढ संपला की ह्यानं किल्ली बंद केली. मी गाडीत हुते. अव्वा, तूबी हुतीस. सकाळपासनं दर फेरीला गाडी स्टँडात बंदच घरंगळत येत हुती."

रेवण्णाचं तोंड उतरलं. अव्वा पदर चघळायला लागली. मला वाटलं आता मालक उसळतील, आयुष्यात पयल्यांदा. पण त्यांनी फडकं परत उलगडलं, दांडा उचलला आणि उजेडात धरला. तोंडावर असं हसू आलतं की बास.

"लगेच बंद केलीस? चढून आल्या आल्या?" ते रेवण्णाच्या जवळ गेले. "प्रत्येक फेरीला? आणि लगेच खाली? मग परत चढ? रेवण्णा, अरे तरी ते दुपारपर्यंत टिकलं!" मग माज्याकडं वळून म्हणले, "गौरव्वा, सोसतंय."

शिव्या दिल्या असत्या तर रेवण्णाला सोपं गेलं असतं. हे हसणं त्याला झेपलं न्हाय. त्याला वाटलं, दाजी त्याची टर उडवत्यात. खाली बगून म्हणला, "माजी गाडी हुती तशी करून द्या." ह्यांनी दोन दिवसांत जुनी नळी, जुनं गॅस्केट बसवून गाडी दिली. तो चहा न घेता, मला अक्का न म्हणता निघून गेला. टॅक्सी परत घाटात माणसं उतरवायला लागली, हे मला चन्नम्माकडनं कळलं.

दांडा ज्यात फिरतो ते बुश मालकांनी लेथवर नवीन वळवून घेतले. दुरुस्त झालेलं चाक कोनाड्यात देवाच्या खाली ठेवलं. मधनंच फुंकर मारायचे, ते फिरायचं. मी तिकडं बगत नव्हते. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढ सरला. वळसंगाहून निरोप न्हाय.

पंचमीच्या सकाळी गल्लीतल्या लेकी एकेक करून निघाल्या. मी चुलीपुडं दाराकडं पाठ करून बसले. मालक दोनदा आत येऊन गेले. शेवटी म्हणले, "येईल की. नोडोण."

"काय नोडोण?" मी फाडकन म्हणलं. "चाक न्हाय ते. भाऊ हाय माजा."

ते बिचारे बाहेर गेले. मला रडू आलं, ते धुरावर घातलं.

आणि मग दारात गाडी थांबली. रेवण्णाच्या इंजिनाचा आवाज मी झोपेतबी ओळखीन. पण इंजिन बंद हुईना. मंद आवाजात तसंच चाललेलं. मला वाटलं, कुणाला तरी सोडायला आलाय, लगेच पुडं जायचंय, म्हणून चालू ठेवलंय. मी उठले न्हाय. भाकर तव्यावर करपली तरी उठले न्हाय. एक पान लावून, सुपारी कातरून, चावून खावं, एवढा येळ ते इंजिन दारात चालू हुतं. मग बंद झालं.

रेवण्णा आत आला. हातात अव्वानं दिलेला लाडवांचा डबा. माज्याकडं बगितलं न्हाय, मालकांकडं बगितलं.

"एवढं बास का, दाजी?"

मालक हातातलं फडकं घेऊन तसेच उबे. म्हणले, "अरे, पण आता चाक कुटं हाय त्यात?"

"न्हाय, ते म्हाईत हाय की," रेवण्णा म्हणला. "म्हणलं, आदी हाताला सवय लागू द्यावी. मग बसवा परत." आणि डबा खाली ठेवत पुटपुटला, "अक्काला इचारा, तयार हाय का."

माजी पिशवी पहाटेपासनं भरून दाराआड ठेवलेली हुती. ते मी दोगांनाबी सांगितलं न्हाय.